सांधा जुळला पाहिजे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार मानतो. विषयाची निवड आमच्यावर सोपविली होती. आम्ही निवडलेला विषय ऐकताच कार्यवाहांच्या भुवया किंचित वर गेल्या, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. छोट्या आगगाड्यांच्या प्रतिकृती करणारी, घरातल्या मेजावर रूळ अंथरणारी हौशी माणसे एकमेकांना कशी शोधून काढतात आणि त्यांचे संघ कसे उभे राहतात, असा तो विषय आहे. मुलुखापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या मंडळात या आगगाड्यांचे काय काम, अशी शंका कोणास येणे स्वाभाविक आहे. परंतु विखुरलेली माणसे एकत्र कशी येतात, आल्यावर टिकतात कशी, आणि नवागताला दार कसे उघडतात, हे प्रश्न त्यांना पडले तसेच आपल्यालाही पन्नास वर्षे पडत आले आहेत. त्यांनी त्यांची जी उत्तरे शोधली, ती ऐकण्यासारखी आहेत.

हा छंद मुळात एकांतातला. घरातली एखादी खोली, बहुधा माळा नाहीतर तळघर. हातात कानस आणि बारीक कुंचला. आणि घरच्या मंडळींचा सोशिकपणा. एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो. आपल्यासारखा वेडा गावात दुसराही कोणी आहे, हे अशा माणसाला कळायचे कसे? इंग्लंडात त्याची सोय प्रथम दुकानाने आणि मासिकाने केली. नॉर्दम्प्टन गावच्या बॅसेट-लोक यांच्या पेढीकडून टपालाने इंजिने आणि सुटे भाग मिळत. १९०९ साली हेन्री ग्रीनली यांच्या संपादकत्वाखाली या छंदाला वाहिलेले मासिक निघाले, आणि १९१० साली लंडनमध्ये ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. तो आजही चालू आहे. किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ त्याची स्वतःची वास्तू आहे. तिचे उद्‌घाटन १९६० साली झाले. म्हणजे स्थापनेपासून स्वतःच्या वास्तूत जाईपर्यंत या क्लबाला पन्नास वर्षे लागली. आपल्या वास्तुनिधीच्या चिटणिसांनी यातून धीर घ्यावा!

मुलांसाठी हीच गोष्ट लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी केली. त्यांच्या किल्लीच्या गाड्या १९२० साली बाजारात आल्या, आणि १९२८ साली ‘हॉर्नबी रेल्वे कंपनी’ या नावाने मुलांचा संघ निघाला. घरी हॉर्नबीची गाडी असली की सभासद होता येई. छातीवर लावायला बिल्ला मिळे. यात व्यापाराची युक्ती होती, हे उघड आहे. तथापि शाळेच्या पटांगणात एका मुलाने दुसऱ्याच्या कोटावर तसाच बिल्ला पाहिला, की ओळख करून देणाऱ्या तिसऱ्याची गरज उरत नसे. परक्या गावच्या फलाटावर कानावर मराठी शब्द पडला की आपली मान जशी आपोआप वळते, तशातलाच हा प्रकार.

ओळख झाली, तरी पुढे मोठी अडचण होती. प्रत्येक कारखानदाराच्या रुळांचे माप वेगळे, चाके वेगळी, डब्यांना जोडणारे आकडे वेगळे. मित्राने आपली गाडी मोठ्या हौसेने आणावी आणि ती आपल्या रुळांवर चढूच नये, असे होई. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांच्या मापांना क्रमांक देऊन या गोंधळाला पहिला आळा घातला. अमेरिकेत १९३५ साली मिलवॉकी शहरी हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तीही मुख्यतः याच कारणासाठी. चाकाची कड किती जाड असावी, दोन रुळांत अंतर किती असावे, सांध्यापाशी फट किती ठेवावी, हे तिने ठरवून दिले. हे सर्व तपासण्यासाठी खाचा पाडलेली धातूची एक छोटी पट्टी तिने प्रचारात आणली. ती खिशात मावते. रुळांवर धरली, चाकाला लावली, बसली की झाले. गाडी कोणाची, तिला रंग कोणता दिला आहे, मालक कोणत्या गावचा, हे ती पट्टी विचारीत नाही.

आता प्रवेशाची गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच विद्यार्थ्यांचा एक आगगाडी क्लब निघाला. युद्धकाळात घाईने उभारलेल्या एका लाकडी इमारतीत त्याची खोली होती. खोलीभर रुळांचे जाळे पसरलेले. त्याखाली टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि तारांचे जंजाळ. काही सभासद वर डोंगर, झाडे, घरे आणि डबे घडवीत. काही खाली आडवे पडून तारा जोडीत. या क्लबाचा एक नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. नव्या सभासदाने त्या मांडणीवर चाळीस तास काम केले, की त्याला खोलीची किल्ली मिळे. मग त्याने रात्री-अपरात्री केव्हाही यावे. त्याचे घराणे, त्याची शिफारस किंवा त्याची वर्गणी यांपैकी कशालाही ती किल्ली मिळत नसे. हाताला लागलेल्या धुळीला मिळे. तारा जोडणाऱ्या या मुलांची स्वतःची अशी एक बोली तयार झाली आणि १९५९ साली एका सभासदाने तिचा छोटा कोशही केला. संगणकाच्या जगात पुढे सर्वतोमुखी झालेला ‘हॅक’ हा शब्द त्या कोशात आहे. संगणकाच्या इतिहासात नाव मिळविणारी काही माणसे त्याच तारांखालून बाहेर आली. ती लाकडी इमारत १९९८ साली पाडण्यात आली. क्लब मात्र नव्या जागेत गेला आणि राहिला.

पण ज्यांच्यापाशी अशी खोलीच नाही, ज्यांची घरे एकमेकांपासून दूर दूर आहेत, त्यांनी काय करावे? याचे सुरेख उत्तर १९७३ साली कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी काढले. ‘एन-ट्रॅक’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. रुळांची रुंदी अवघी नऊ मिलिमीटर. प्रत्येकाने आपल्या घरी साधारण दोन फूट रुंद आणि चार फूट लांब असे एक मेज तयार करावे. त्याच्या पुढच्या बाजूने तीन रूळमार्ग ठरलेल्या अंतरावरून गेले पाहिजेत. पहिला तांबडा, दुसरा पिवळा, तिसरा निळा, अशी त्यांची नावे. मेजाच्या दोन्ही टोकांना हे मार्ग ठरल्या जागीच संपले पाहिजेत. एवढे पाळले, की मधल्या जागेत काय करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. एकाने वाळवंट करावे, दुसऱ्याने बंदर, तिसऱ्याने आपल्या आजोळचे स्टेशन. संमेलनाच्या दिवशी सर्वांनी आपापली मेजे गाडीत घालून आणायची, टोकाला टोक लावायचे, मधे रुळाचा ठरावीक लांबीचा छोटा तुकडा बसवायचा, आणि पाहता पाहता सभागृहभर लोहमार्ग उभा राहतो. एकाची गाडी शंभर जणांच्या गावांतून फिरून परत येते. युरोपात १९८१ पासून ‘फ्रेमो’ ही संस्था याच तत्त्वावर निरनिराळ्या देशांतील लोकांना एकत्र आणते. तिथे तर खऱ्या रेल्वेप्रमाणे वेळापत्रक असते, आणि पाहुण्यालाही एखाद्या स्टेशनचे काम सांभाळावे लागते.

श्रोतेहो, आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय हौशी माणसापुढे एक पेच आहे, आणि तो आम्हांस फार जवळचा वाटतो. जगात सर्वांत प्रचलित असलेले प्रमाण म्हणजे १:८७. त्याचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण युरोप-अमेरिकेतील खरे रूळ १४३५ मिलिमीटरचे. आपली रुंदमापी रेल्वे १६७६ मिलिमीटरची. तिला त्याच प्रमाणात आणले, तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत, आणि तसे बाजारात आयते मिळत नाहीत. मग काय करावे? आपले इंजिन परक्या मापाच्या चाकांवर बसवावे, म्हणजे ते कोणाच्याही रुळांवर धावेल, पण जाणकाराच्या डोळ्याला पावणेतीन मिलिमीटरची ती तफावत खुपेल. की प्रत्येक रूळ हाताने ठोकून खरे माप सांभाळावे आणि आपल्याच खोलीत एकट्याने गाडी फिरवावी? खरेपणा राखावा की सोबत राखावी, असा हा पेच.

गंमत अशी, की आपल्याकडची जुनी बार्शी लाइट रेल्वे या पेचातून सुटते. ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर १८९७ साली सुरू झालेली ती अरुंदमापी गाडी १:८७ प्रमाणात केली, तर पावणेनऊ मिलिमीटरचे रूळ लागतात, आणि नऊ मिलिमीटरचे तयार रूळ कोठेही मिळतात. मूळ बार्शी लाइट रुंदमापी झाली. घरातल्या मेजावर ती अजूनही अरुंदमापी धावू शकते.

या पेचात आपणच काही पहिले नाही. इंग्रज हौशी लोक आपल्या गाड्या १:७६ प्रमाणात करतात, पण रूळ वापरतात तेच १६.५ मिलिमीटरचे. हिशेबाने ते १८.८३ हवेत. काही काटेकोर मंडळींना हे सोसवेना. त्यांनी अचूक मापाचा आग्रह धरून स्वतःचा वेगळा संघ काढला. वाद झडले, मासिकांतून पत्रे लिहिली गेली. परंतु प्रदर्शनाच्या दिवशी दोन्ही पंथ एकाच छताखाली आपापली मेजे मांडतात. अचूक मापवाल्यांमुळे इतरांचे हात अधिक नेटके झाले, आणि सोयीच्या मापवाल्यांमुळे छंदाला माणसे मिळत राहिली. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

आपल्याकडे हा छंद जनतेपुढे आणणाऱ्यांत पुण्याचे बी. एस. जोशी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. कोथरूड येथे त्यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. सुटीत महाराष्ट्रात जाल, तेव्हा मुलांना तिथे अवश्य न्या. खेळ संपल्यावर सर्व मुले बाहेर धावतात. एखादेच मूल कठड्याला रेलून सांध्याची पाती कशी सरकते ते पाहत मागे राहते. या जातीची माणसे एकमेकांना ओळखतात ती या मागे राहण्यावरून.

आता आपल्याविषयी दोन शब्द बोलून आम्ही रजा घेतो. मंडळात अलीकडे एक कुजबुज आम्ही ऐकतो. मुलांचे मराठी शुद्ध राहिले नाही, सुना परप्रांतीय आल्या, गणपतीच्या आरतीत अर्धे लोक नुसतेच ओठ हलवितात. आणि उलट बाजूने, इथे आलो तर आमच्या चुकाच काढल्या जातात, म्हणून तरुण मंडळी फिरकत नाहीत. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आम्हांस वाटते, आपण प्रत्येकाचे सबंध मेज तपासीत बसतो. वास्तविक टोके तेवढी तपासावीत. वर्षातून काही ठरलेल्या दिवशी एकत्र यावे, जमेल तसे मराठी बोलावे, एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जावे, एवढे आपले तीन रूळमार्ग. ते ठरल्या जागी येऊन मिळाले, की मधल्या जागेत कोणी बंगाली माशाचे कालवण शिजवो, कोणी तमिळ सुनेकडून कोलम शिकून घेवो. शुद्ध लेखनाचा आणि शुद्ध उच्चारांचा आग्रह धरणारेही हवेत. त्यांनी आपले वर्ग जरूर चालवावेत. फक्त त्या मापाची पट्टी मुख्य दारावर टांगू नये.

आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी काम द्यावे. आज आपण नवागताला पहिल्या रांगेत बसवितो, चहा देतो, आणि पावती फाडतो. तो पाहुणाच राहतो. त्याला सतरंज्या घालू द्या, ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हरे घालू द्या, नाटकाच्या पडद्याची दोरी ओढू द्या. चाळीस तास भरले, की समारंभपूर्वक त्याच्या हाती या सभागृहाची किल्ली ठेवावी. तो तीन महिन्यांपूर्वी आला की तीस वर्षांपूर्वी, हे पाहू नये. सध्या या सभागृहाच्या किल्ल्या तीन आहेत, आणि तिन्ही सत्तरी ओलांडलेल्या सद्‌गृहस्थांच्या खिशात आहेत. पुढच्या वार्षिक सभेत चौथी किल्ली करून घेण्याचा ठराव यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. लोहाराचा खर्च आम्ही देऊ.