परक्या गावची जमीन आणि तिचा भाव

मंडईत वांगी घेताना चार गाड्यांवर भाव विचारल्यावाचून पिशवी पुढे न करणारे कुटुंब, आयुष्याची शिल्लक घालून परगावी जमीन घेते तेव्हा बहुधा एकाच माणसाने सांगितलेल्या भावावर विसंबते. वांग्यांचा भाव कोणासही विचारता येतो. जमिनीचा भाव मात्र जाणत्याखेरीज कोणास कळावयाचा नाही, अशी समजूत त्याच्या मुळाशी असते. ही समजूत खरी नाही, आणि परक्या माणसास जमीन महाग पडते ती मुख्यत्वे तिच्यामुळेच.

अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, या जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे सुपा हे गाव उदाहरणादाखल घेण्यासारखे आहे. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसले आहे. मुलूख मूळचा अवर्षणाचा. परंतु महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे झाली, जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र आखले गेले, आणि कारखान्यांच्या मागोमाग जमिनीचे गिऱ्हाईकही आले.

या गिऱ्हाइकांत दोन प्रकारचे परके आहेत. समुद्रापलीकडून आलेली कंपनी खरी परकी. पण वसाहतीतील भूखंड तिला महामंडळाकडून 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि त्याचा दर महामंडळाने ठरवून प्रसिद्ध केलेला असतो. दुसरा परका पुण्यामुंबईचा नोकरदार. तो बोलतो मराठी, पण गावच्या भावाविषयी तो त्या कंपनीहूनही अनभिज्ञ असतो. चढा भाव पडतो तो बहुतकरून याच्या वाट्यास.

पहिली गफलत मापात होते. शेतकरी एकराने बोलतो, परक्यास भाव गुंठ्याने सांगतात, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर यांत लिहिलेले असते. एका एकराचे 40 गुंठे आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. समजा, गुंठ्यास दोन लक्ष रुपये सांगितले. शहरातील घरांच्या किमती ऐकलेल्या कानास तो आकडा हलका वाटतो. पण एकरास तो 80 लक्ष झाला! शेजारचा शेतकरी त्या भावाने जमीन घेईल काय, असा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. म्हणून सांगितलेला प्रत्येक भाव प्रथम एकाच मापात आणावा.

दुसरी गोष्ट दप्तराची. 1908 च्या नोंदणी कायद्याने स्थावर मिळकतीच्या खरेदीखतांची पुस्तके व सूची अर्जदारास पाहण्यास खुल्या ठेविल्या आहेत. पारनेरच्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून अथवा नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून सूची क्रमांक दोन पाहिल्यास कोणत्या गटाची जमीन, किती क्षेत्र, केव्हा व किती मोबदल्यास विकली गेली हे कळते. गेल्या दोनतीन वर्षांतील आसपासच्या गटांचे चारपाच व्यवहार मांडले की भावाची अंधुक का होईना, पण रेषा दिसू लागते. अंधुक म्हणावयाचे कारण असे की कित्येक खतांत खरी रक्कम उतरत नाही. सरकारचे वार्षिक दरविवरणपत्र, ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात, तेही मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असते. तो बाजारभाव नव्हे. तथापि दोन्ही आकडे हाती असता मागितलेला भाव त्यांच्या तिप्पट असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकास प्राप्त होतो.

‘निम्मे रोख द्या’ या मागणीसही येथेच नकार द्यावा. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकराच्या कायद्याची मनाई आहे; शिवाय व्यवहार फिसकटल्यास कागदावर न आलेला पैसा परत मागावयाचा कोणत्या आधारावर?

जमीन बागायत म्हणून सांगितली असेल तर गाव नमुना बारा वाचावा. सात नंबरात मालकी व हक्क, बारा नंबरात पिके. पारनेरसारख्या तालुक्यात पाणी हाच भावाचा आत्मा. पीकपाहणीत वर्षानुवर्षे बाजरी अथवा पड दिसत असेल, तर बागायतीचा भाव देण्याचे कारण नाही.

सर्वांत महाग जमीन मात्र ती, जी घेणाऱ्यास कायद्याने घेताच येत नाही. 1948 च्या कूळकायद्यातील कलम 63 अन्वये बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. परदेशस्थ भारतीयासही शेतजमीन, मळा अथवा फार्महाउस विकत घेण्यास परकीय चलनविषयक नियमांनी बंदी आहे. वारशाने येणे वेगळे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती झाल्या आहेत, पण आपला गट त्यांत बसतो की नाही हे आधी तपासले पाहिजे. या अडचणींवर ‘गावातल्या शेतकऱ्याच्या नावावर घेऊन ठेवू’ असा उपाय सुचविणारे भेटतात. 2016 साली कडक झालेल्या बेनामी व्यवहारांच्या कायद्याखाली अशी मिळकत सरकारजमा होऊ शकते. थायलंडसारख्या देशांतही परकीयास जमिनीची मालकी सहसा मिळत नाही, आणि तेथेही फसगत होते ती दुसऱ्याच्या नावाचा आडोसा घेणाऱ्यांचीच.

अखेरचा प्रश्न असा की चढा पैसा जातो कोठे? पुष्कळदा तो शेतकऱ्याच्या हाती पडतच नाही. मध्यस्थ थोडा विसार देऊन साठेखत अथवा कुलमुखत्यारपत्र करून घेतो आणि तीच जमीन परक्यास दुसऱ्या भावाने दाखवितो. मधली रक्कम त्याची. म्हणून सातबाऱ्यावरील मालकास समक्ष भेटावे, त्याच्या हाती किती पडणार हे त्यालाच विचारावे, आणि भावाबहिणींची संमती आहे की नाही हेही पाहावे. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. मध्यस्थास त्याची दलाली उघडपणे द्यावी. भावात दडवू देऊ नये.

ही चौकशी करण्यास दोनचार आठवडे लागतील. ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ असे सांगून तेवढाही अवधी जो देत नाही, त्याची जमीन दुसऱ्या गिऱ्हाइकास खुशाल जाऊ द्यावी. परका माणूस गावात परका राहील. पण दप्तर वाचून आलेला परका आणि न वाचता आलेला परका यांस सांगितला जाणारा भाव एक नसतो.