आतला मालक, बाहेरचे आपण
(उपनगरातील कामगारांपुढे झालेले भाषण)



गिरणीच्या फाटकावर आपण उभी हयात घालवली. पाळी सुटली की द्वारसभा! आत मालकाचा हुकूम, बाहेर आपला आवाज. आता भोंगे बंद पडले. परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. घाटकोपर, मुलुंडला, अंधेरीलाही मॉल उठले. माणसांची गर्दी आज तिथं आहे. मग घरांच्या हक्कासाठी सह्या गोळा करायच्या कुठं?

मॉलच्या आत टेबल मांडा, रखवालदार हजर! पैसे मोजून क्रेडिट कार्ड विकणारा आत चालतो. आपला अर्ज तेवढा चालत नाही. हा कुठला न्याय?

पण मंडळी, रागाच्या भरात कायदा विसरू नका. दुसऱ्याच्या जागेत सभा घेण्याचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1969 साली रेल्वेच्या खटल्यात सांगितलं. आत ‘निघा’ म्हटलं की निघायचं, हुज्जत घालायची नाही.

रस्त्याची गोष्ट निराळी. 1972 साली हिमतलाल शहा खटल्यात त्याच न्यायालयानं ठरवलं, की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेला नियम लावता येतील, पण पोलिसांच्या मर्जीवर ती सोडता येणार नाही. म्हणून हद्द ओळखा. फरशी एकसारखी दिसली तरी आवारातली मोकळी जागा मालकाची, फूटपाथ महापालिकेचा. शंका आली तर सिटी सर्व्हेचा नकाशा पाहा. घाटकोपरवाल्यांनी एन वॉर्डात, मुलुंडवाल्यांनी टी वॉर्डात विचारा.

फूटपाथवर विनापरवाना टेबल-मंडप नको. 1888च्या महापालिका कायद्याखाली तो उचलून नेतात. हातात पुठ्ठा, कागद, पेन पुरे. वाट अडवू नका. सभा-मोर्चा असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, पोच घ्या, आणि पोलीस कायद्याच्या 37 कलमाची जमावबंदी आहे का ते विचारा.

एवढ्यावर आपण थांबायचं काय? नाही! 1946च्या औद्योगिक संबंध कायद्यानं मंजूर युनियनला गिरणीच्या आवारात वर्गणी घेण्याचा, सूचनाफलक लावण्याचा, सभासदांशी बोलण्याचा हक्क दिला होता. म्हणजे कायद्यानं मनात आणलं तर मालकाचं फाटक उघडतं! अमेरिकेत कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांना मॉलमध्ये सह्या घेताना हाकललं. ते कोर्टात गेले, आणि 1980 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यांचा हक्क कायम ठेवला. वेळ नि जागा मालकानं ठरवावी, पण तोंड बंद करू नये.

आमची मागणी तेवढीच आहे. जिथं हजारो माणसं रोज येतात, त्या मॉलच्या दाराशी अर्जाला चार हात जागा कायद्यानं मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत फूटपाथ आपला आहे. तिथं शिस्तीनं उभे राहा, आणि पहिली सही त्याच मागणीवर घ्या!