सीमेवरची पाटी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. मी व माझी पत्नी दोघेही निवृत्त शिक्षक. २०१७ च्या जानेवारीत आम्ही मध्य अमेरिकेत सायकलीने फिरलो. कोस्टा रिका या देशातून निकाराग्वा या शेजारच्या देशात गेलो. त्या सगळ्या प्रवासाची हकीगत सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही. म्हणून एकाच सकाळची गोष्ट सांगतो. तीत माझी फजिती आहे. पण शिक्षकाची फजिती विद्यार्थ्यांना आवडते, हा माझा अनुभव आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर हे देश वसले आहेत. कोस्टा रिकाने १९४८ साली आपले सैन्यच बरखास्त केले. राजधानी सान होसे येथील जुन्या लष्करी बराकीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे तत्त्व या छोट्या देशाने १८६९ सालीच आपल्या राज्यघटनेत घातले होते. आपण त्या वेळी कुठे होतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

देशाच्या वायव्येला ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. उन्हाळी, कोरडा मुलूख. गुरांची कुरणे आणि रस्त्याकडेला आंब्याची झाडे. आंबा पाहून माझ्या पत्नीला माहेर आठवले. हा प्रांत पूर्वी निकाराग्वाकडे होता. १८२४ साली तो कोस्टा रिकात सामील झाला. म्हणजे जी सीमा आम्ही ओलांडणार होतो, ती काही डोंगरासारखी अनादि नव्हती. माणसांनीच ती आखली व माणसांनीच ती हलवली.

आता वाऱ्याबद्दल सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा हात आहे. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत तिथे ईशान्येकडून जोरदार वारा वाहतो. पलीकडच्या विशाल सरोवरावरून तो येतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्या सायकलस्वाराच्या तोंडावर आदळतो. अशा वेळी एकाने पुढे राहायचे व दुसऱ्याने त्याच्या मागे चिकटून चालवायचे, म्हणजे मागच्याचे श्रम वाचतात. शहाणी जोडपी आळीपाळीने पुढे येतात. मी मात्र पहिल्या दिवसापासून पुढेच. पत्नीला वारा लागू देत नाही, याचा मला कोण अभिमान!

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. निघण्यापूर्वी वर्षभर माझी पत्नी रोज रात्री स्पॅनिश शिकत होती. वही, शब्दकोश आणि चष्मा घेऊन ती बसे आणि मी म्हणे, "अहो, या वयात कशाला? इंग्रजीवर जग चालते." ती हसायची आणि पुढचे क्रियापद लिहायची.

ला क्रूस या गावी मुक्काम करून आम्ही सकाळी निघालो. वीसेक किलोमीटरवर पेन्यास ब्लांकास हे सीमेवरचे ठाणे. तिथे मालमोटारींची लांबच लांब रांग उभी होती. सायकलवाल्याला रांगेचे काय? कडेकडेने मी सुसाट पुढे. डाव्या-उजव्या हाताला इमारती आणि पाट्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले, पण मला त्या वाचता येत नव्हत्या. निकाराग्वाच्या फाटकाशी पोहोचलो आणि ऐटीत पासपोर्ट पुढे केला.

पहारेकऱ्याने पाने उलटली, पुन्हा उलटली आणि मान हलवली. कोस्टा रिकातून बाहेर पडल्याचा शिक्काच नव्हता! शिक्क्यांच्या हिशेबाने आम्ही अजून मागच्याच देशात होतो, आणि उभे होतो पुढच्याच्या दारात.

धापा टाकत पत्नी आली. म्हणाली, "मी तीनदा हाक मारली. पाटीवर 'सालिदा' लिहिले होते. सालिदा म्हणजे बाहेर जाण्याची वाट."

मित्रहो, वारा समोरून होता. मागच्याची हाक वाऱ्याबरोबर मागेच जाते. मी तिचा वारा अडवत होतो, असे मला वाटत होते. खरे तर तिचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचणार नाही, अशी जागा मी धरली होती.

उन्हातून परत फिरलो. देश सोडताना आधी कर भरायचा, त्याची पावती घ्यायची, मग शिक्का. या खिडकीवरून त्या खिडकीवर ती पुढे आणि मी मागे. कागद हातात देऊन कोणी काही विचारले की मी तिच्या तोंडाकडे पाहायचो. अशीच नजर मी आयुष्यभर पाहिली होती. शाळेत दाखला न्यायला येणारे पालक, अंगठा कुठे उठवायचा म्हणून विचारणाऱ्या आया. ती नजर त्या दिवशी माझी होती. दोन पदव्या खिशात असलेला मनुष्य एका पाटीपुढे निरक्षर ठरला.

सीमा ओलांडल्यावर रिवासच्या वाटेवर उजव्या हाताला ते सरोवर आणि त्यातल्या ओमेतेपे बेटावरचे दोन ज्वालामुखी दिसू लागले. एका लहानशा दुकानात पाणी प्यायला थांबलो. दुकानाची मालकीण सत्तरीची असेल. पत्नी तिच्याशी बोलत बसली व मला अर्थ सांगत गेली.

१९८० साली निकाराग्वात साक्षरतेची मोठी मोहीम झाली. पाच महिने हजारो शाळकरी आणि कॉलेजातली मुले-मुली खेड्यापाड्यांत जाऊन राहिली. दिवसा शेतात काम, रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग. काहींना या कामात प्राणही गमवावे लागले. निम्म्याच्या आसपास असलेले निरक्षरतेचे प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर आले, असे तिथल्या सरकारने जाहीर केले, आणि युनेस्कोने या मोहिमेला पारितोषिक दिले. दुकानातली ती बाई त्याच वर्गांत अक्षरे शिकली होती. शिकवणारी मुलगी पंधरा वर्षांची होती, असे ती म्हणाली. तिने उधारीची वही काढून आम्हाला दाखवली. अक्षर मोठे आणि सरळ होते. सदतीस वर्षे ती स्वतःचा हिशेब स्वतः लिहीत होती.

त्या दुपारपासून आम्ही दर दोन किलोमीटरला जागा बदलू लागलो. ती पुढे असताना मला तिची प्रत्येक हाक ऐकू यायची.

दरवर्षी सप्टेंबरात याच सीमेवरून शाळेतली मुले स्वातंत्र्याची मशाल नेतात. ग्वाटेमालाहून निघालेली ही मशाल देशामागून देश ओलांडते. निकाराग्वाची मुले ती कोस्टा रिकाच्या मुलांच्या हाती देतात. मोठ्यांनी आखलेली रेघ मुले अशी ओलांडतात, हे मला फार मोलाचे वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सायकलीने परदेशी जा असे माझे म्हणणे नाही. पण तुमच्या घरात अजूनही एखादी आजी, एखादा काका असेल, ज्याला पाटी वाचता येत नाही. त्याच्याजवळ रोज अर्धा तास बसा. आणि भगिनींनो, रात्री वही घेऊन बसलात आणि कोणी "या वयात कशाला?" असे म्हणाले, तर त्याला माझी ही हकीगत सांगा.