स्पर्शाचा धडा



२००७ साली किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणावरून वादंग उठले. महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो उपक्रम थांबविला. पुस्तिकांतील काही चित्रे वर्गात दाखविण्याजोगी नव्हतीच, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु त्याच वर्षी केंद्र सरकारच्या पाहणीत १२,४४७ मुलांपैकी ५३ टक्क्यांनी लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. छळणारे निम्मे ओळखीचे! बहुतेक मुलांनी कुणापाशी अवाक्षर काढले नव्हते.

प्राथमिक शाळेतील धडा साधा आहे : अवयवांची नावे, नकोसा स्पर्श, कुणाला सांगावे. २०१५ साली अशा शालेय धड्यांच्या २४ चाचण्यांचा आढावा निघाला. मुलांची समज वाढली, भीती वाढली नाही. अत्याचार घटले, हे मात्र सिद्ध झाले नाही. दुसरीतली मुलगी जेवताना काकांविषयी काही सांगू लागली, तर आपण वाढायचे थांबून ऐकणार, की तिला दटावणार?