बर्फाने मोकळी केलेली खाडी



अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्लेशियर बे नावाची खाडी आहे. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे पोहोचली तेव्हा समोर बर्फाची भिंत उभी होती, खाडी अशी नव्हतीच. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर मूलनिवासी त्लिंगित वाटाड्यांच्या होडीतून आला, तेव्हा त्याला मैलोगणती मोकळं पाणी मिळालं. १९१६ पर्यंत बर्फ मुखापासून सुमारे १०० किलोमीटर मागे हटला होता.

म्हणून मुखाकडून बोट आत निघाली, की जमिनीचं वय कमी कमी होत जातं. आधी स्प्रूस आणि हेमलॉकचं गर्द रान, मग आल्डरची झुडपं, शेवटी नुकताच उघडा पडलेला खडक. यात आल्डरचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडच्या तूर-हरभऱ्यासारखा तोही मुळांतल्या जिवाणूंच्या मदतीनं हवेतला नायट्रोजन जमिनीला देतो. त्या सकस मातीत स्प्रूस वाढतो, आणि त्याच्याच सावलीत पुढे आल्डर मरतो.

खाडीच्या पाण्यातही गजबज असते. हवाईच्या उबदार समुद्रात हिवाळा काढलेले हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात इथे चरायला येतात. सीलच्या माद्या तरंगत्या हिमखंडांवर पिलं घालतात. हिमनदीच्या तोंडाशी पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडला, तर विलक्षण गोंगाट ऐकू येतो. बर्फात दाबून बसलेल्या हवेचे बुडबुडे बर्फ वितळताना फटाफट फुटत असतात, त्याचा तो आवाज.

या साऱ्या प्रदेशाला निर्मनुष्य रान म्हणण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली, तेव्हा तिनं हूना त्लिंगित लोकांची वस्ती गिळली. ते खाडीबाहेर पडले आणि सामुद्रधुनीपलीकडे हूना गावी राहिले. बर्फ हटल्यावर ते मासेमारीला, शिकारीला, कुरव पक्ष्यांची अंडी गोळा करायला परत येऊ लागले. पण १९२५ मध्ये हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखीव झाला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंडी गोळा करणंही बंद पाडलं गेलं.

हूना लोकांची अंडी गोळा करायची पद्धत ऐका. घरट्यात एक-दोन अंडी असली तर ती उचलायची. तीन असली तर त्या घरट्याला हात लावायचा नाही. कुरवीची अंडी घालायची मर्यादा साधारण तीन. तीन झाली, की ती उबवायला बसलेली असते. त्याआधी अंडी गेली, तर ती पुन्हा घालते. पक्ष्याच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्याशिवाय असा नियम सुचत नाही. अशा लोकांपासून पक्ष्यांना वाचवण्यासाठी बंदी घातली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि हूना लोकांना मर्यादित प्रमाणात अंडी गोळा करण्याची वाट खुली झाली. २०१६ मध्ये खाडीतल्या बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर, आता राष्ट्रीय उद्यान असलेल्या या भागाच्या हद्दीतच, त्यांचं लाकडी कुलगृह उभं राहिलं. आता तिथे त्यांचे समारंभ होतात, आणि आलेल्या प्रवाशांना या खाडीची हकीगत त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते.