हात गेला सुताराचा, भाकर खाल्ली दलालानें!
(एका खेड्यांतील सभेंत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आमच्या पंचक्रोशींतील एका सुताराचा उजवा हात मालमोटारीखालीं गेला. इस्पितळाच्या दारांतच एक गोडबोल्या गृहस्थ त्याच्या बायकोस भेटला. "बाई, तुम्हांस पैही पडणार नाहीं; मिळेल त्यांतला तिसरा हिस्सा आमचा," असें म्हणून त्यानें कोऱ्या कागदांवर अंगठे घेतले. भरपाई आली ती कातरून आली. आज तो कारागीर एका हातानें रंधा धरूं पाहतो!

कोर्टकचेरींत कुणबी कसा नाडला जातो, हें जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' ग्रंथांत लिहून ठेविलें. आज कायदे पुष्कळ आपल्या बाजूचे आहेत. पण ते आपणांस ठाऊक नाहींत, म्हणून नाडणाऱ्यांचें फावतें. यासाठीं चार गोष्टी ध्यानांत धरा.

पहिली : निकालाच्या रकमेंत हिस्सा ठरविणें वकिलास बार कौन्सिलच्या नियमांनीं मना आहे. फी आधीं ठरवा, ती कागदावर घ्या, पावती मागा. कोऱ्या कागदावर अंगठा कदापि देऊं नका.

दुसरी : १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें सरकारी खर्चानें वकील मिळतो. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमाती, अपंग व कारखान्यांतील कामगार यांस उत्पन्नाची अट नाहीं. इतरांस ठराविक उत्पन्नाच्या आंत मिळतो. तालुक्याच्या कोर्टांतील विधिसेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. सुताराच्या बायकोनें आपल्या नांवें विचारलें असतें, तरी तिला मार्ग दाखविला गेला असता.

तिसरी : मोटार अपघाताचा दावा अपघात झाला तेथेंच लावावा लागतो असें नाहीं, आपण राहतों त्या हद्दींतील न्यायाधिकरणांतही लावतां येतो. त्यानें एस.टी.चें भाडें व बुडणारी मजुरी वांचते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून कायद्यांत सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ती टळूं देऊं नका. पोलिसांचे कागद, दवाखान्याचीं बिलें, मजुरीचा पुरावा एका पिशवींत जपून ठेवा.

चवथी : लोकअदालतींत तडजोड झाली तर खटल्याचीं वर्षें वांचतात आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. पण तेथील निवाड्यावर अपील नाहीं! म्हणून औषधपाणी, बुडालेली कमाई आणि पुढें जन्मभर होणारें नुकसान, यांचा हिशेब मांडल्यावांचून सही करूं नका. घाईनें घेतलेली थोडकी रक्कम हाही एक खर्चच आहे.

मायबापहो, भरपाई ही कोणाची भीक नव्हे. मोडलेल्या हाताचें तें मोल आहे. तें जखमीच्या घरांत यावें, दलालाच्या नव्हे. तुमचीं मुलें शाळेंत वाचावयास शिकलीं आहेत. अंगठा उठविण्यापूर्वीं कागद त्यांच्याकडून वाचवून घ्या, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.