मडक्यावर नाव कुणाचं?

(हस्तकला करणाऱ्या महिला गटांच्या मेळाव्यातील भाषण)



आपण विकायला वस्तू करतो, तेव्हा तिच्यावर नाव कुणाचं घालायचं? या प्रश्नासाठी मी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनामधल्या प्वेब्लो आदिवासी बायकांचं उदाहरण घेते.

तिथे भांडी घडवणं हे परंपरेनं बायकांचं काम. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून वाडगा उभा करायचा, लेप देऊन गुळगुळीत दगडानं घोटायचा आणि युक्काच्या पानाच्या कुंचल्यानं ढग, पाऊस, पिसं रंगवायची. ही विद्या आईकडून लेकीकडे आली. संग्रहालयांनी असे ढिगानं वाडगे नेले. त्यांवर गावाचं नाव लिहिलं, बाईचं बहुधा नाहीच.

होपी भागातली नाम्पेयो १९४२ साली वारली. सिक्यात्की या ओसाड गावातल्या खापरांवरची जुनी नक्षी तिने पुन्हा जिवंत केली. दृष्टी गेल्यावरही ती हातांनी भांडी घडवत राहिली. रंगवलं मुलींनी. त्या भांड्याला एकटीचं नाव कसं द्यायचं?

सान इल्देफोन्सोची मारिया मार्टिनेझ भांडं घडवायची, नक्षी नवरा ज्युलियन काढायचा. १९१९च्या सुमारास दोघांनी काळ्यावर काळी नक्षी साधली. आगीवर शेणाचा भुगा टाकून धूर कोंडला की भांडं काळं होतं. घोटलेला भाग चमकतो, रंगवलेला मंद राहतो. सुरुवातीला सही फक्त मारियाची, कारण भांडी हे बायकांचं काम! ज्युलियनचं नाव १९२५च्या सुमारास आलं. काम बायकांचं ठरलं की ते करणारा पुरुषसुद्धा दिसेनासा होतो.

मारियाने हे तंत्र गावात इतरांना शिकवलं. तिच्या सहीला भाव आला, तेव्हा शेजारणींच्या भांड्यांवरही तिने सही केली. बाजाराच्या दृष्टीनं ही लबाडी. मला त्यात वाटून खाण्याची रीत दिसते. पण एक खटकतंच: शेजारणीला पैसा मिळाला, नाव नाही मिळालं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. किमतीच्या चिठ्ठीवर गटाचं नाव असू द्या. त्याखाली माती मळणारीचं, घडवणारीचं, घोटणारीचं आणि रंगवणारीचंही लिहा. चिठ्ठी लांबली तर लांबू द्या.